संदर्भ सापडला, तो पारखायचा कसा?

भारतातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला वाचनसाहित्य मिळत नाही, ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेतून ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३००हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांतील विद्यार्थी-प्राध्यापकांना उपलब्ध व्हावीत, अशी योजना आहे. अनुदानित महाविद्यालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘एन-लिस्ट’ ही सेवा त्याआधीपासून आहे, तर ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील पीएच.डी.चे प्रबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. साहित्य असे हाताशी आले असले, तरी त्यातून आपल्या प्रश्नाला उपयोगी पडेल ते नेमके शोधणे आणि जे सापडले त्यावर किती विसंबावे हे ठरवणे, ही दोन कौशल्ये बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत कोणीच पद्धतशीरपणे शिकवत नाही.

प्रथम वर्षाच्या प्रारंभी होणारा ‘ग्रंथालय परिचय’ हा कार्यक्रम या शिक्षणाची जागा घेतो असे मानले जाते. त्यात ग्रंथपाल कामकाजाच्या वेळा, ओळखपत्राचे नियम, एका वेळी किती पुस्तके मिळतील व विलंबशुल्क किती, हे सांगतात. देवघेव विभाग, संदर्भ विभाग आणि वाचनकक्ष दाखवले जातात. आणि विद्यार्थी पुन्हा क्रमिक पुस्तके व नोट्सकडे वळतात. दुसऱ्या टोकाला, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम २०१९च्या अखेरीस अनिवार्य केला. मधल्या काळात मात्र विद्यार्थी प्रकल्प लिहितच असतो, आणि नव्या चार वर्षांच्या पदवीत ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेणाऱ्याला तर बारा श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. म्हणजे संशोधन पदवीच्या पातळीवर उतरले असून त्याची पूर्वतयारी मात्र अजून पदव्युत्तर पातळीवरच थांबलेली आहे.

शोध: नेमका शब्द आणि नेमकी जागा

ग्रंथालयातील शोध आणि इंटरनेटवरील शोध यांतील मूलभूत फरक असा, की शोधयंत्र टंकलेल्या शब्दांशी जुळणारी पाने पुढे करते, तर ग्रंथालयाची तालिका, म्हणजे संग्रहातील ग्रंथांची पद्धतशीर नोंदयादी, विषयानुसार केलेल्या मांडणीवर उभी असते. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६च्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ हा वर्गांक आहे. तो माहीत असलेल्या विद्यार्थ्याला नाव ठाऊक नसलेली पुस्तकेही हव्या त्या पुस्तकाच्या शेजारीच सापडू शकतात. जेथे कपाटे बंद आहेत आणि चिठ्ठी देऊन पुस्तक मागवावे लागते, तेथे हा शेजार विद्यार्थ्याच्या नजरेला पडत नाही, आणि म्हणूनच तेथे तालिका वाचायला शिकवणे अधिक गरजेचे ठरते.

मराठीत काम करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आणखी काही अडचणी असतात, ज्यांचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शकांत येण्याचे कारणच नाही. अनेक ग्रंथालयांच्या संगणकीय तालिकेत मराठी शीर्षके रोमन लिपीत नोंदलेली असतात आणि ती नोंदवणाऱ्यागणिक स्पेलिंग बदलते. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम रूढ होण्यापूर्वी छापलेल्या ग्रंथांत जुने अनुस्वार आहेत, त्यामुळे राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या खंडांचा शोध आजच्या लेखनानुसार घेतल्यास काही ठिकाणी ते सापडत नाहीत. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फाँटांत जुळवलेल्या पीडीएफ फायली डोळ्यांना वाचता येतात. शोधयंत्राला मात्र त्यांत निरर्थक अक्षरांखेरीज काही दिसत नाही. यातून विद्यार्थ्याने शिकायची गोष्ट अशी, की पडद्यावर ‘निकाल नाहीत’ असे आले म्हणजे त्या विषयावर लेखन नाही असे सिद्ध होत नाही. अशा वेळी पर्यायी शब्द आणि जुने लेखन वापरून पाहावे, आणि तरीही काही हाती न लागल्यास छापील सूचींकडे वळावे. शं. ग. दाते यांनी सिद्ध केलेली मराठी ग्रंथसूची हे अशा सूचीचे ठळक उदाहरण असून तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची नोंद आहे.

पारख: साधनालाच विचारून भागत नाही

सापडलेल्या साधनाची पारख कशी करावी, यासाठी ग्रंथपालांनी दीर्घकाळ प्रश्नावलीचा आधार घेतला. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको येथील ग्रंथालयात २००४च्या सुमारास तयार झालेली एक प्रश्नावली जगभर पसरली. मजकूर किती ताजा आहे, विषयाशी किती संबंधित आहे, लेखकाचा अधिकार काय, अचूकता किती आणि हेतू कोणता, असे पाच निकष तिच्यात आहेत. निकष चुकीचे नाहीत, पण विद्यार्थी त्यांची उत्तरे त्याच पानावर शोधतो, आणि ज्याला दिशाभूल करायची आहे तो ती उत्तरे तेथे आधीच मांडून ठेवतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी ही उणीव प्रयोगाने दाखवून दिली. १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळक आणि स्टॅनफर्डचे २५ पदवी विद्यार्थी यांना त्यांनी काही संकेतस्थळे तपासायला दिली. त्यांतील एका जोडीत अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना होत्या: एक १९३०पासूनची, हजारो सदस्यांची मुख्य व्यावसायिक संघटना, दुसरी २००२मध्ये तिच्यातून मतभेदाने फुटलेला, काही शे सदस्यांचा आणि ठरावीक सामाजिक भूमिकेचा गट. दोघांची नावे जवळजवळ सारखी, दोघांची पाने नीटनेटकी, लेखांखाली संदर्भही दिलेले. तथ्यपडताळकांनी मुख्य संघटना बिनचूक ओळखली, इतिहासकारांचे मत विभागले गेले, आणि विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्यांनी फुटीर गटाच्या पानाला अधिक विश्वासार्ह ठरवले. तथ्यपडताळकांची रीत वेगळी होती: ते पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले नाहीत, तर लगेच नव्या खिडक्या उघडून त्या संघटनेविषयी इतर काय म्हणतात ते पाहू लागले. या रीतीला ‘पार्श्ववाचन’ म्हणता येईल. साधन वाचण्यापूर्वी त्याच्या आजूबाजूचे वाचणे, असा तिचा अर्थ. ती शिकवता येते, हेही याच परंपरेतील पुढच्या अभ्यासाने दाखवले. अमेरिकेतील एका शहराच्या माध्यमिक शाळांत केवळ सहा तासिकांच्या अध्यापनानंतर विद्यार्थ्यांची पारख लक्षणीय सुधारल्याचे २०२२मध्ये प्रसिद्ध झाले.

मराठी वाचकाला ही रीत सर्वस्वी नवी वाटू नये, कारण महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनात साधनचिकित्सा, म्हणजे एका कागदाची ग्वाही दुसऱ्या स्वतंत्र कागदाने तपासणे, शतकाहून अधिक काळ रुजलेली आहे. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद हे तिचे वर्गात शिकवण्याजोगे उदाहरण होय. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीसारख्या उत्तरकालीन बखरींनुसार जन्म शके १५४९च्या वैशाखात, म्हणजे १६२७मध्ये झाला, आणि त्यांवर विसंबलेल्या पुस्तकांतून तेच वर्ष पुढे चालत राहिले. लोकमान्य टिळकांनी १९१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत, म्हणजे कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील कालानुक्रमी नोंदींत, फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, शुक्रवार अशी नोंद निघाली. शिवकालातच रचलेले कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य १९२७मध्ये स. म. दिवेकर यांनी प्रसिद्ध केले, त्यातही तोच शक आणि तीच तिथी आढळली. पुढे राजस्थानात मिळालेल्या जन्मकुंडलीने तिला दुजोरा दिला. ज्युलियन कालगणनेनुसार ती तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते, आणि गणिताने त्या दिवशी खरोखर शुक्रवारच येतो.

या उदाहरणातून विद्यार्थ्याला तीन गोष्टी दाखवता येतात. पहिली, साधनांची संख्या मोजून निर्णय होत नाही. एकाच बखरीवरून उतरलेली दहा पुस्तके ही कायद्याच्या भाषेत ऐकीव माहितीवर बोलणारे दहा साक्षीदार असतात. उलट मावळातील देशमुखांच्या घरची नोंद, दरबारी कवीचे काव्य आणि राजस्थानातील कुंडली एकमेकांवर अवलंबून नसल्याने त्यांच्या जुळण्याला वजन येते. दुसरी, घटनेला जवळचे साधन आणि अनेक पिढ्यांनंतरचे साधन यांची योग्यता सारखी नसते. तिसरी, वरवर विरोधी दिसणाऱ्या सर्व नोंदी खरोखर विरोधी नसतात. काही जण १९ फेब्रुवारीला आणि काही जण तिथीनुसार जयंती साजरी करतात, तो एकाच जन्मदिवसाच्या दोन कालगणनांतील फरक आहे. १६२७ आणि १६३० यांतील फरक मात्र साधनांचा आहे. हे दोन प्रकार वेगळे ओळखता येणे म्हणजेच पारख.

छापून आले म्हणजे तपासले गेले, असे नाही

अभ्यासपूर्ण नियतकालिकांच्या बाबतीत ‘पीअर रिव्ह्यू’, म्हणजे प्रकाशनापूर्वी त्याच विषयातील इतर तज्ज्ञांनी केलेले परीक्षण, ही खात्रीची खूण मानली जाते. परंतु पैसे घेऊन काहीही छापणारी, परीक्षणाचा केवळ दावा करणारी नियतकालिकेही मोठ्या संख्येने निघाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८मध्ये आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाच्या साहाय्याने ‘केअर’ यादीची व्यवस्था केली. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने तीही यादी बंद करण्याचे जाहीर करून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. त्यामुळे तयार यादीत नाव आहे का, एवढे पाहून भागण्याचे दिवस संपले असून संपादक मंडळातील व्यक्ती त्या विषयात खरोखर काम करतात का, नियतकालिकाचा दावा स्वतंत्र निर्देशसूचीत पडताळता येतो का, हे प्रश्न विद्यार्थ्यानेच विचारावे लागतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादयंत्रांनी यात नवी भर घातली आहे. ही यंत्रे संभाव्य शब्दक्रम रचत असल्याने लेखक, शीर्षक, वर्ष आणि पृष्ठांक असलेला, पण अस्तित्वातच नसलेला संदर्भ सहज तयार करतात. न्यूयॉर्कमधील एका संघराज्यीय न्यायालयाने जून २०२३मध्ये असे काल्पनिक निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. त्या प्रकरणातील बोधप्रद तपशील असा, की निवाडा खरा आहे का, असे त्या यंत्रालाच विचारण्यात आले होते आणि त्याने होकार दिला होता. संकेतस्थळाची विश्वासार्हता त्याच्याच ‘आमच्याविषयी’ या पानावर शोधणारा विद्यार्थी हीच चूक करत असतो. संदर्भ खरा आहे का, हे तालिकेत, नियतकालिकाच्या अंकात किंवा ‘शोधगंगा’वर जाऊनच ठरते.

विषयाच्या आत शिकवणे

अमेरिकेतील महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २०१६मध्ये स्वीकारलेल्या आराखड्यात कौशल्यांच्या लांबलचक याद्यांऐवजी सहा मूलभूत संकल्पना मांडल्या, आणि त्यांतील एक अशी, की साधनाचा अधिकार संदर्भानुसार ठरतो. चिटणीसांची बखर शिवजन्माच्या तारखेसाठी दुबळे साधन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी सातारच्या दरबारात शिवकालाकडे कसे पाहिले जात होते, या प्रश्नासाठी मात्र ती प्राथमिक साधन ठरते. असा विवेक विषयाबाहेरच्या सर्वसाधारण व्याख्यानातून येत नाही. तो इतिहास, अर्थशास्त्र किंवा रसायनशास्त्राच्या तासाला, त्या विषयाच्या खऱ्या प्रश्नावर, प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांनी मिळून शिकवावा लागतो.

त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. प्रकल्प देण्याची आणि तपासण्याची पद्धत मात्र बदलावी लागेल. ‘अमुक विषयावर दहा पाने’ या मागणीऐवजी परस्परविरोधी दोन विधाने देऊन त्यांचा उगम शोधायला सांगता येईल. संदर्भसूचीतील प्रत्येक नोंदीपुढे ती कोठे पाहिली, कोणत्या शब्दांनी सापडली आणि कोणत्या स्वतंत्र साधनाने पडताळली, हे दोन ओळींत लिहायला लावता येईल. टाकून दिलेल्या एका साधनाचे कारण विचारता येईल. आणि या शोधनोंदीला निष्कर्षाइतकेच गुण देता येतील. ज्या कामाला गुण नाहीत ते काम विद्यार्थी करत नाहीत, हे प्रत्येक प्राध्यापकाला ठाऊक असते, आणि संदर्भसूची आजवर बहुतेक ठिकाणी केवळ आहे की नाही एवढेच पाहून तपासली गेली. नियतकालिके खुली करण्याचा निर्णय केंद्राच्या पातळीवर झाला असला, तरी ती पारखायला शिकवण्याचा निर्णय प्रत्येक विभागाला आपल्या गुणदानाच्या तक्त्यातच घ्यावा लागेल.