पाऊस मध्येच कुठे जातो?

जुलैमध्ये आठ दिवस पाऊस दडी मारतो, तेव्हा आपण हॉस्टेलवाले खूश. कपडे वाळतात ना! पण पालघर-बोईसरच्या शेतकऱ्याची भातलावणी अडते, कारण तिला चिखल लागतो.

शाळेत आम्ही घोकलं होतं : जमीन तापते, समुद्रावरून वारे येतात, झाला मान्सून. फुल मार्क्स! मग सगळ्यात जास्त तापणारा मे कोरडा का? आणि दुष्काळात तर जमीन जास्तच तापते. पुण्यात जन्मलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ (१९४४-२०२५) यांनी हा प्रश्न लावून धरला. मूळच्या त्या गणितवाल्या. हार्वर्डला पीएच.डी. करून १९७१ मध्ये परतल्या, आधी पुण्यात आणि मग बंगलोरच्या आयआयएससीत रमल्या.

डी. आर. सिक्का आणि त्यांनी उपग्रहाचे रोजचे फोटो तपासले. १९८० च्या त्या पेपरात उत्तर आहे : विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा उन्हाळ्यानंतर आपल्यावर सरकतो, तोच मान्सून. हा पट्टा विरला की पावसात खंड. मग दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने समुद्रावरून नवा पट्टा वर येतो.

आता एल निनो. १९९७ मध्ये तो जबरदस्त होता, तरी पाऊस ठीक झाला. २००२ मध्ये सौम्य, आणि दुष्काळ! २००४ मध्ये गाडगीळबाई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हिंदी महासागराचे ढगही बघायला हवेत. विषुववृत्तावर ते पश्चिमेकडे जास्त असतील तर आपली चंगळ, पूर्वेकडे गेले तर बोंब.

अनंतपूरच्या भुईमूग शेतकऱ्यांसाठी त्यांनी पेरणीच्या तारखा पावसाच्या जुन्या नोंदींवर ताडून पाहिल्या. इथल्या भातासाठी तसा प्रोजेक्ट कोणी काढला, तर माझं नाव आधी लिहा.