पाषाणात लिहिलेला खोलीचा पत्ता

पिंगळीच्या शिवारात विहीर खणायला घेतली, की आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली कठीण काळा पाषाण. परभणीच काय, महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच बेसॉल्टवर वसला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे हे थर. पण हा लाव्हा आला किती खोलून? त्याचा माग काढायला या पाषाणाची दुर्मीळ भावंडे उपयोगी पडतात. ती म्हणजे अल्कधर्मी अग्निजन्य खडक.

सिलिकाच्या मानाने सोडियम आणि पोटॅशियम जास्त असलेले हे खडक. रायगड जिल्ह्यात मुरूड-जंजिऱ्याजवळ ते बेसॉल्टमध्ये भिंतींसारखे घुसलेले दिसतात.

पृथ्वीच्या कवचाखालचे प्रावरण घन खडकाचे आहे. ते वितळते, पण सगळे एकदम नाही. बर्फाचा गोळा चोखताना सरबत आधी तोंडात येते आणि काडीला फिका बर्फ उरतो. तसेच पोटॅशियम, निओबियम, लँथॅनम यांना प्रावरणातील खनिजांत नीट जागा मिळत नाही, म्हणून ती आधी बाहेर पडतात. थोडाच खडक वितळला, तर शिलारस या मूलद्रव्यांनी दाट होतो. जास्त वितळला, तर पातळ. आपला नेहमीचा बेसॉल्ट हा पातळ प्रकारातला.

खोली सांगते ती वेगळी खूण. सुमारे ८० किलोमीटरच्या खाली प्रावरणात गार्नेट हे खनिज असते आणि ते यटर्बियम धरून ठेवते. खडकात लँथॅनम भरपूर पण यटर्बियम अगदी कमी आढळले, तर शिलारस गार्नेटच्या पट्ट्यातून आला असे समजावे.

यात फसगतही होऊ शकते. वर येताना शिलारस वाटेतले कवच विरघळवून घेतो आणि मूळ ओळख पुसट होते. मुरूडच्या खडकांत मात्र प्रावरणाचे आणि खालच्या कवचाचे तुकडे अडकलेले सापडले आहेत. शिलारस संथपणे चढला असता, तर हे जड तुकडे खालीच बसले असते. म्हणजे तो वेगाने वर आला.

१९९३ साली ‘सायन्स’मध्ये आशिष बसू आणि सहकाऱ्यांनी राजस्थानातील अशाच खडकांचा अभ्यास मांडला. त्यांत हेलियम-३ या समस्थानिकाचे प्रमाण जास्त आढळले. ही खूण खोल प्रावरणातून उसळलेल्या उष्ण स्तंभाकडे बोट दाखवते, असा त्यांचा निष्कर्ष होता. काही भूवैज्ञानिक मात्र खंड फाटताना पडलेल्या भेगांना अधिक महत्त्व देतात. हा वाद अजून मिटलेला नाही.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. अल्कधर्मी शिलारसाबरोबर फ्लोरीन आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्येही साठतात. गुजरातमधील अंबाडोंगरचा फ्लोरस्पारचा साठा दख्खनच्या याच काळातील अशा खडकांशी जोडलेला आहे. म्हणून कोणत्या भागात काय शोधावे, हे ठरवतानाही आधी खडकाचे रसायन तपासले जाते.