इथेनॉलची प्रत आणि संगणकाची नजर



ऊस म्हणजे फक्त साखर, हा हिशेब आता जुना झाला. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ साली मिरज, आपल्या जवळचे मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे झाले. २०२५ साली मिश्रणाचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे डिस्टिलरी हा आता इंधनाचाच कारखाना झाला. इंधनाच्या शुद्धतेसाठी 'कृत्रिम बुद्धिमत्ता' वापरतात, असे कानावर आल्याने "साहेब, हे यंत्र करते तरी काय?" असे सभासद आम्हांस विचारतात. म्हणून हा खुलासा.

साध्या ऊर्ध्वपातनाने सुमारे ९५ टक्के मद्यार्क मिळतो. उरलेले पाणी नुसते उकळून जात नाही. त्यासाठी वाफ झिओलाइटच्या बारीक गोळ्यांच्या थरातून सोडतात. गोळ्या पाणी धरून ठेवतात आणि ९९.५ टक्क्यांच्या वरचे इथेनॉल पुढे जाते. एक थर काम करतो, तोवर दुसरा वाळवतात. वाळवणे कमी पडले की पाणी निसटते. असे इथेनॉल पेट्रोलात गेले आणि पाणी वाढले, तर इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसते आणि गाडी बंद पडते. डेपोवर टँकर नापास झाला, तर नुकसान अखेर सभासदांचेच.

अडचण अशी, की प्रयोगशाळेचा निकाल हाती येईतो बराच माल टाकीत पडलेला असतो. इथे संगणक उपयोगी पडतो. आपला जुना गुळव्या आठवा. काहिलीतला फेस आणि रसाचा रंग पाहूनच तो चाचणी ओळखतो, कारण शेकडो काहिली त्याच्या नजरेखालून गेलेल्या असतात. संगणकही तसाच शिकतो. तापमान, दाब व प्रवाह यांच्या मागील नोंदी आणि त्या वेळचे प्रयोगशाळेचे निकाल यांची तो सांगड घालतो. मग चालू आकड्यांवरून माल कोणत्या प्रतीचा निघतो आहे, याचा अंदाज मिनिटामिनिटाला देतो. खनिज तेल शुद्धीकरणातही हीच रीत वापरतात.

पण तो अंदाजच. प्रयोगशाळेची तपासणी सुटत नाही. शिवाय नोंद खोटी असेल, तर यंत्र खोटेच शिकते.

आता आपल्याकडचे. ऊस तोडून फडात पडून राहिला, की साखर घटते व आम्लता वाढते. तो दोष रसातून मोलॅसिसमध्ये उतरतो, तेथे यीस्टचे काम मंदावते आणि उतारा कमी पडतो. शिळ्या उसाचा ताजा ऊस कोणतेही यंत्र करू शकत नाही.

म्हणून विनंती, की तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीवर येईल असे पाहावे. फड पेटवू नये. पाचट व माती काढूनच मोळी बांधावी. आणि चिटबॉयकडून चिठ्ठीवर तोडणीची खरी तारीख व वेळ लिहून घ्यावी, मग गाडीला उशीर झालेला असला तरी चालेल. उशीर कोठे होतो ते कळले, तरच वाहतुकीचा कार्यक्रम आम्हांस सुधारता येईल. इथेनॉलची प्रत फडातूनच सुरू होते, एवढे ध्यानी असू द्यावे.