अक्षरांच्या गर्दीत आजाराचा पत्ता

माणसाचा डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चारच अक्षरांत लिहिलेला सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचे मूळ त्यातच असते. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता ५० टक्के.

या आजाराचे जनुक १९९३ मध्ये सापडले. चौथ्या गुणसूत्रावरील या जनुकात ‘सीएजी’ ही तीन अक्षरे लागोपाठ येतात. २६ वेळांपर्यंत आली, तर चिंता नसते. ४० किंवा अधिक वेळा आली, तर आजार जवळपास अटळ.

ही माळ शोधायला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ कामी येते. गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५०च्या दशकात ही कल्पना मांडली. ठरावीक शब्दाऐवजी ‘सीएजी, एकामागून एक, कितीही वेळा’ असा नमुनाच संगणकाला सांगायचा. माळ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हे संगणक सांगतो. मधली अक्षरे १२६ भरली, तर तीनने भागून उत्तर ४२. म्हणजे धोक्याच्या रेषेपलीकडे.

मात्र नमुना नुसता सापडून भागत नाही. हीच लांब माळ दुसऱ्या जनुकात असेल, तर आजारही दुसराच. म्हणून निदानात ‘किती’इतकेच ‘कुठे’ही महत्त्वाचे.