कोलाहलातून उभा राहिलेला निधी

इंग्लंडमधील शेफील्ड हे पोलादाचे शहर. तेथील काही तरुणांनी २००४ साली ‘ब्रिंग मी द होरायझन’ हा वाद्यवृंद स्थापन केला. हेवी मेटलच्या जड गिटारी आणि हार्डकोर पंकचा आवेश यांच्या मिश्रणास मेटलकोर म्हणतात. त्यात गाणे कमी, किंचाळणे अधिक! त्यांचा २००६ सालचा पहिला संग्रह लावला, तर घरातील वडीलधाऱ्यांनी दार लोटून घेतल्यास नवल नाही.

पुढे गायक ऑलिव्हर साइक्स केटामिन या मादक द्रव्याच्या आहारी गेला. उपचारांनी सुटका झाल्यावर २०१४ साली एका पुरस्कार सोहळ्यात त्याने हे व्यसन भर मंचावरून स्वतः सांगितले. असे उघडपणे सांगण्यास किंचाळण्याहून अधिक बळ लागते.

२२ एप्रिल २०१६ रोजी हाच वृंद लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये उभा राहिला. १८७१ साली खुल्या झालेल्या या भव्य सभागृहात सायमन डॉब्सन यांच्या संचालनाखाली पॅरॅलॅक्स ऑर्केस्ट्राची साथ होती. चित्रफीत पाहताना जाणवते की, व्हायोलिनांच्या साथीने त्या आक्रोशातील करुणा प्रथमच मोकळी होते.

या मुद्रणासाठी रसिकांकडून आगाऊ रक्कम घेण्यात आली. माल हाती येण्यापूर्वीच ग्राहकाचा विश्वास जमा! उत्पन्न ‘टीनेज कॅन्सर ट्रस्ट’ला अर्पण झाले. कर्करोगग्रस्त तरुणांना बालकांच्या वा वृद्धांच्या विभागात राहावे लागू नये, म्हणून ही संस्था ब्रिटनमधील रुग्णालयांत १३ ते २४ वयोगटासाठी स्वतंत्र कक्ष उभारते.