तीन दिवसांचे कोलकाता

सरकारी नोकरीतील मनुष्य पुष्कळ फिरतो, पण प्रवास करतो असे म्हणवत नाही. बदली, दौरा, तपासणी या निमित्तांनी तो गावोगाव जातो आणि कामापुरते पाहून परततो. आमच्या वैवाहिक जीवनाची पहिली अठरा वर्षे अशीच गेली. जुन्या गावी सामान बांधावयाचे आणि नव्या गावी सोडावयाचे, एवढाच आम्हां उभयतांचा सहप्रवास. म्हणून गेल्या हिवाळ्यात कसल्याही कामावाचून तीन दिवस कोलकात्याला जाण्याचे ठरले, तेव्हा मी रीतसर तक्ता तयार केला. त्यात वेळा घालून चौदा स्थळे मांडली होती. तो वाचून पत्नी म्हणाली, "अहो, हा तर दौरा झाला. यात मी कुठे आहे?"

या प्रश्नाचे उत्तर मला पहिल्या दिवशी जेवणाच्या पानावर सापडले. आपल्याकडे चटणी-कोशिंबिरीपासून पक्वान्नापर्यंत सारे पदार्थ एकदम ताटात वाढतात. बंगाली रीत निराळी आहे. आरंभी कारले घातलेले कडसर 'शुक्तो', मग डाळ आणि तळलेली वांगी, त्यानंतर मासळी, पुढे आंबटगोड चटणी व अखेरीस मिष्टान्न. प्रत्येक पदार्थ आपल्या क्रमाने भाताबरोबर येतो आणि पुढचा येईपर्यंत जिभेवर त्याचेच राज्य असते. थोड्या दिवसांच्या प्रवासालाही हाच नियम लावावा, असे मला वाटले. सकाळी एक गोष्ट, सायंकाळी एक, आणि मध्ये विसावा. तक्ता मी घडी करून खिशात ठेवला.

पहिली सकाळ आम्ही १८१४ साली स्थापन झालेल्या भारतीय संग्रहालयाला दिली आणि तीही मुख्यतः भारहूतच्या दगडी कठड्यापाशी घालविली. बौद्ध स्तूपाभोवतीच्या या कठड्यावर जातककथा कोरल्या असून अनेक चित्रांजवळ ब्राह्मी लिपीत त्यांची नावेही दिली आहेत. भारहूतच्या लेखांत दात्यांची नोंद आहे. त्यांपैकी एकात विदिशेच्या रेवतीमित्राची भार्या चापादेवी हिने पहिला स्तंभ दान दिल्याचे म्हटले आहे. "रेवतीमित्र बहुधा दौऱ्यावर असेल," पत्नी म्हणाली. मी निरुत्तर झालो.

सायंकाळी ॲकॅडमी ऑफ फाइन आर्ट्सच्या नाट्यगृहात बंगाली नाटक पाहिले. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण सांगलीच्या १८४३ च्या प्रयोगापासून मानतो. कोलकात्यात 'नॅशनल थिएटर'ने ७ डिसेंबर १८७२ रोजी 'नीलदर्पण'चा प्रयोग तिकीट लावून केला, तेथून बंगालची सार्वजनिक रंगभूमी सुरू झाली असे समजतात. या दोन रंगभूमींचे येणेजाणे पुढेही चालू राहिले. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' येथे 'बहुरूपी' या संस्थेने बंगालीत उभे केले, तर बादल सरकार यांची नाटके मराठीत आली. आम्हां दोघांनाही बंगाली येत नाही. तरी मध्यंतरात पत्नीने मला कथानक समजावून सांगितले. मी शब्दांचे अर्थ लावीत बसलो होतो. ती माणसांचे चेहरे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडासाँकोची ठाकूरबाडी पाहिली. रवींद्रनाथ १८६१ साली याच वाड्यात जन्मले आणि १९४१ साली येथेच त्यांनी देह ठेवला. सायंकाळी बागबाजारात गेलो. येथील एका गल्लीचे नाव 'मराठा डिच लेन' आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा भयभीत झालेल्या नगरवासीयांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक योजिला. तो जेमतेम तीन मैल खणून झाला आणि मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. पुढे तो बुजवून त्याच्या बऱ्याच भागावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. मात्र आपल्या 'बारगीर' शब्दापासून झालेला 'बर्गी' बंगाली अंगाईत राहिला. आया मुलांना त्याचे भय घालीत. ज्या इतिहासाचा आपण अभिमानाने उच्चार करतो, तो दुसऱ्याच्या पाळण्यापाशी कसा ऐकू येतो, हे त्या गल्लीत उभे राहिल्यावाचून मला उमगले नसते. याच बागबाजारात १८६८ साली नवीनचंद्र दास यांनी बंगाली रसगुल्ला सिद्ध केला, असे सांगतात. आम्ही मराठी आहोत हे कळताच एका मिठाईवाल्याने हसून आमच्या द्रोणात आणखी एकेक रसगुल्ला घातला.

तिसरा दिवस आम्ही मोकळा ठेवला होता. हुगळीतून होडीने पार गेलो आणि १९४३ साली खुला झालेला हावड्याचा पूल पाण्यावरून पाहिला.

ज्या दांपत्यांना असे जावयाचे असेल, त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. सोमवारी संग्रहालये बंद असतात. शनिवार-रविवार साधल्यास नाटकांची निवड अधिक मिळते. स्थळे थोडी ठेवावी आणि त्यांतील निम्मी पत्नीने निवडावी. माझ्या तक्त्यातील दहा स्थळे पाहावयाची राहिली. परतीच्या गाडीत त्याच कागदाच्या पाठीवर पत्नीने पुढच्या गावाचे नाव लिहिले. त्याखाली मी अद्याप काहीही मांडलेले नाही.