जुना वाय-फाय राउटर अपडेट करताय? आधी ही कामं उरकून घ्या

घरातला राउटर एकदा भिंतीवर बसला की इंटरनेट बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही. मोबाइल स्वतःहून अपडेट मागतो, जुने राउटर मात्र बहुधा गप्प असतात. मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ या मालवेअरने ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणांत शिरकाव केल्याचं समोर आलं. त्यात घरगुती राउटरही होते. सपोर्ट संपलेले राउटर हॅकर्सच्या निशाण्यावर असल्याचा इशारा अमेरिकेच्या एफबीआयनेही मे २०२५ मध्ये दिला.

अपडेटनंतर सुविधा का जातात?

राउटरचं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, छोट्याशा फ्लॅश मेमरीत बसतं. नवी आवृत्ती आकाराने मोठी होते, जागा मात्र तेवढीच राहते. म्हणून काहीतरी वगळावं लागतं. ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हे मोफत फर्मवेअर याचं उदाहरण. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरसाठी त्याची १९.०७ ही शेवटची मालिका ठरली. त्यातही काही मॉडेल्समध्ये ब्राउझरमधून सेटिंग बदलण्याचं पान मावत नव्हतं.

अपडेटपूर्वी काय कराल?

१. राउटरखालचं स्टिकर पाहा. मॉडेलसोबत हार्डवेअर व्हर्जनही जुळायला हवं. नाव एकच असलं तरी आतली चिप वेगळी असू शकते.

२. वापरात असलेल्या सुविधांची यादी करा : पीपीपीओई, व्हीलॅन, सीसीटीव्हीसाठी पोर्ट फॉरवर्डिंग, यूएसबी प्रिंटर. त्या नव्या आवृत्तीत आहेत का, हे कंपनीच्या रिलीज नोट्समध्ये तपासा.

३. बॅकअप फाइल घ्याच, पण प्रत्येक सेटिंगचा स्क्रीनशॉटही ठेवा. जुना बॅकअप नव्या आवृत्तीत चालेलच असं नाही. इंटरनेटचा युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून ठेवा.

४. सध्याच्या आवृत्तीची फाइल कंपनीच्या साइटवरून उतरवून ठेवा. काही राउटर मागे जाऊ देत नाहीत, तेही आधी पाहा.

५. अपडेट लॅन केबल लावूनच करा. मध्येच लाइट गेली, तर राउटर कायमचा बंद पडू शकतो.

राउटर इंटरनेट कंपनीने दिला असेल, तर आधी त्यांच्याकडे विचारणा करा. अनेकदा त्याचे अपडेट कंपनीच दुरून करते.

अपडेटच येत नसेल तर?

बाहेरून नियंत्रणाची ‘रिमोट मॅनेजमेंट’ सुविधा बंद करा आणि ॲडमिन पासवर्ड बदला. हा तात्पुरता उपाय आहे. सपोर्ट संपलेला राउटर नीट चालत असला, तरी त्यातली नवी भोकं कुणी बुजवणार नाही. त्यामुळे तो बदलणंच शहाणपणाचं.